सर्पगंधेची परीक्षा

सर्पगंधेची मुळी आपल्या कोकणच्या रानाला नवी नाही. साप चावला, डोके फिरले, झोप उडाली, की जुने वैद्य तिची आठवण करीत. पण अनुभव निराळा आणि परीक्षा निराळी. ती परीक्षा कशी झाली, ते पाहू.

१९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते, असे लिहिले. मांडव्याहून खाडीपलीकडे दिसणाऱ्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन पाहिली. निष्कर्ष १९४९ मध्ये छापले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले. ते दिल्यावर अंगावर धावून येणारी माकडे जागेपणीच निवळली. जगभर वाहवा झाली!

पण निवळणे म्हणजे बरे होणे का? १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे शांत दिसत, पण खरे म्हणजे त्यांना हलताच येत नव्हते. एल-डोपा देताच ते हालू लागले. त्यातूनच कंपवाताच्या उपचाराची वाट सापडली. इकडे रेसर्पीन घेणाऱ्या काही माणसांना खिन्नतेने घेरल्याच्याही नोंदी झाल्या.

तेव्हा मारका बैल औषधाने गप्प झाला, एवढ्यावर समाधान मानू नये. तो चरतो का, रवंथ करतो का, हेही पाहावे. गुरुजींनी मुलांना हेच सांगावे.