चुकून झालेला पदार्थ

जबलपूरचे लोक तीन तलावांची नावं एका दमात घेतात: राणीताल, चेरीताल, अधारताल. राणीताल राणी दुर्गावतीचा, अधारताल तिचे दिवाण अधारसिंह कायस्थ यांचा, चेरीताल तिच्या दासीचा, असं परंपरा सांगते. राणी २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना गेली. आज तिच्या नावाचं विद्यापीठ आहे. दिवाणाचं नाव आमच्या वस्तीला मिळालं. दासीच्या वाट्याला मात्र नाव आलं नाही, फक्त काम आलं. चेरी म्हणजे दासी.

मी शाळेत इतिहास शिकवते. ही तीन नावं फळ्यावर लिहून 'कुणाचं काय उरतं?' असं मी मुलांना विचारते. पण माझ्याच घरातला एक इतिहास मी वर्षानुवर्षं चुकीचा सांगत आले.

थंडीत अधारतालच्या बाजारात पेरूचे ढीग लागले की आई एक पदार्थ करते. जाड बुडाच्या भांड्यात पाणी न घालता साखर वितळवायची, ती मधासारखी लालसर झाली की लोण्याचा गोळा टाकायचा. बियांचा गर काढलेल्या पेरूच्या फोडी त्यात दाटीवाटीने मांडायच्या आणि सुटलेला रस आटेपर्यंत शिजू द्यायच्या. वर मैद्याची पोळी पांघरून कडा आत खोचायच्या आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं. भाजून झाल्यावर पाच मिनिटं थांबून ताटात पालथं घालायचं. लगेच उलटलं तर पाक वाहतो, फार थांबलं तर साखर भांड्याला धरते. पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, "अहो, चुकून झाला. केक करायला गेले आणि हे झालं." मीही तेच सांगायचे.

फ्रान्समध्ये याच पदार्थाची हीच गोष्ट सांगतात. लामोत-बव्हरों या गावी रेल्वे स्टेशनसमोर स्तेफानी आणि कारोलिन तातँ या बहिणींचं हॉटेल होतं. शिकारीला येणाऱ्या लोकांची गर्दी, त्या धांदलीत स्तेफानीकडून सफरचंदं करपायला आली, म्हणून तिने वर कणकेची पोळी टाकली. दुसऱ्या कथेत ती खाली पोळी घालायलाच विसरली. दोन्ही कथांत बाई गडबडते आणि पदार्थ आपोआप होतो.

पुरावा वेगळं सांगतो. त्या सोलोन्य भागात सफरचंदाचे आणि नासपतीचे उलटे टार्ट आधीपासून होत असत. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा फ्रान्सच्या खेड्यांत झाकणावर निखारे ठेवून भाजत, आपल्या कोकणात तवसाचं धोंडस खाली-वर विस्तव ठेवून करतात तसंच. बहिणींनी १९०६ साली हॉटेल सोडलं. कारोलिन १९११ मध्ये वारली, स्तेफानी १९१७ मध्ये. खाद्यलेखक क्युर्नोन्स्कीने १९२६ साली हा टार्ट त्यांच्या नावाने छापला, तेव्हा बोलायला दोघीही नव्हत्या. पुढे पॅरिसच्या माक्सिम्सचे मालक लुई व्होदाब्ल सांगत, की तरुणपणी आपण माळी बनून त्या हॉटेलात शिरलो आणि कृती चोरून आणली. त्यांचा जन्म १९०२ चा. बहिणी निवृत्त झाल्या तेव्हा ते चार वर्षांचे होते.

फळाचाही इतिहास असाच पालथा आहे. पेरू मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. मराठीतला 'पेरू' हा शब्द पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नासपतीवरून आला असं मानतात. हिंदीतलं 'अमरूद' हे फारसीत नासपतीचंच नाव. आमच्या जबलपुरात पेरूला 'बिही' म्हणतात आणि फारसीत बिही हे तिसऱ्याच फळाचं नाव. त्याच्या बिया बिहीदाणा म्हणून युनानी औषधांत वापरतात. नव्या फळाला लोकांनी ओळखीच्या फळांची नावं दिली. नासपती आणि बिही दोन्हींचा उलटा टार्ट युरोपात होतो. आईने पेरू घातला तेव्हा ती नकळत नावांच्या मागेच गेली.

बाजारात मिळणाऱ्या 'लखनऊ-४९' जातीची निवड लखनौत झालेली नाही. ती १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी केली. अलाहाबाद सफेदाच्या बियांपासून उगवलेल्या रोपांतलं ते एक रोप. पुस्तकात त्याला योगायोगाचं रोप म्हणतात. पण रोपं सगळीच योगायोगाने उगवतात. त्यांतलं हेच ठेवायचं, हे कुणीतरी पाहून, चाखून ठरवावं लागतं.

मागच्या डिसेंबरात माळा आवरताना आईची हिशेबाची वही सापडली. साल १९८३. दूध, रॉकेल, शाळेची फी, आणि मध्ये पेन्सिलीने चार नोंदी. पहिली: ओव्हनबरोबर आलेल्या पुस्तकातला अननसाचा केक, डबा महाग म्हणून बिही, खालचा केक ओला राहिला. दुसरी: साखर करपली, कडू. तिसरी: बियांसकट घेतले, पाणी फार सुटलं. चौथी: केक नको, साट्याच्या करंजीसारखी पोळी, साखर लाल होताच लोणी. पुढे एकच शब्द: जमलं. पहिल्या नोंदीपासून चौथीपर्यंत सात आठवडे.

वही घेऊन मी तिच्यासमोर बसले. "आई, मग चुकून झाला असं का सांगायचीस?"

ती हसली नाही. "तेव्हा रेशनची साखर यायची. तुझी आजी डबा हलवून बघायची. तीन वेळा साखर वाया घालवली, मला काहीतरी करून बघायचं होतं, असं सांगितलं असतं तर चाललं असतं? चूक झाली म्हटलं की बोलणी खाऊन सुटका व्हायची."

त्या साखरेचा हिशेबही वहीत होता. सणाच्या खर्चात ती साखर आईने थोडीथोडी वाटून लिहिली होती.

स्तेफानीला कुणाला उत्तर द्यायचं होतं, हे वहीशिवाय सांगता येत नाही. पण 'चुकून झालं' हे वाक्य आता मला पुराव्यासारखं वाटत नाही. ते कुणी कुणापुढे म्हटलं, हे आधी विचारावंसं वाटतं.

या जानेवारीत शेजारच्या बाईंनी कृती मागितली. आई नेहमीचं वाक्य बोलायला गेली. मी वही पुढे केली. तिने चष्मा लावला, चौथी नोंद काढली आणि म्हणाली, "लिहून घ्या. चौथ्या वेळी जमला मला."