खाड्याची भरपाई आणि शंभर वर्षांची भिंत : ब्रायन कार्नीच्या कारकिर्दीतून रग्बीचा इतिहास

१/
आजचा धागा एका आयरिश खेळाडूविषयी आहे. परंतु त्याची कथा त्याच्या जन्माच्या ८१ वर्षे आधी, इंग्लंडच्या उत्तरेकडील हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गावातील एका हॉटेलात सुरू होते. ब्रायन कार्नी हे त्या खेळाडूचे नाव. १९७६ साली कॉर्क येथे जन्म, रग्बीच्या दोन्ही प्रकारांत आंतरराष्ट्रीय सामने आणि निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीवर रग्बी लीगचा समालोचक व सूत्रसंचालक. वरवर पाहता ही एका खेळाडूची यशस्वी कारकीर्द आहे. पण १९९५ पूर्वी ती या क्रमाने घडणे अशक्य होते. का, ते पाहू.

२/
प्रथम दोन रग्बींमधला फरक. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर जी खेळली जाते ती रग्बी युनियन. तिच्यात प्रत्येक बाजूस १५ खेळाडू असतात आणि खेळाडू खाली पडल्यावरही चेंडूसाठी झुंज चालू राहते. रग्बी लीगमध्ये १३ खेळाडू असतात. पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे सुरू होतो. असे सहा वेळा पकडले गेल्यावर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. झुंज कमी, धाव अधिक.

३/
नियम वेगळे म्हणून खेळ वेगळे झाले, असा समज सर्वत्र आढळतो. कालक्रम मात्र उलटे सांगतो. फूट पडली १८९५ मध्ये. १३ खेळाडूंचा नियम आला १९०६ मध्ये. म्हणजे फूट पडली तेव्हा दोन्ही बाजू जवळपास एकच खेळ खेळत होत्या. भांडण खेळाच्या नियमांचे नव्हते; ते रोजंदारीचे होते.

४/
यॉर्कशर आणि लँकेशरमधील क्लबांचे अनेक खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे कामगार होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. दूरच्या गावी सामना असला की सकाळची पाळी सोडावी लागे, आणि पाळी सोडली की पगार कापला जाई. आपल्या गिरणगावाच्या भाषेत सांगायचे तर खाडा पडे. उत्तरेतील क्लबांची मागणी एवढीच होती, की या खाड्याची भरपाई क्लबला देता यावी.

५/
२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनची सभा भरली. खाडाभरपाईचा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. खेळ हा केवळ खेळासाठी खेळावा, त्यात पैसा येऊ नये, हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटते. मात्र शनिवारचा पगार बुडाल्याने ज्याच्या घरची चूल अडत नाही, त्यालाच ते परवडते. 'हौशी' या निरुपद्रवी शब्दाआड एक वर्गरेषा दडलेली होती.

६/
२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतील क्लबांनी बैठक घेतली आणि २२ क्लबांची स्वतंत्र नॉर्दर्न युनियन उभी राहिली. सुरुवातीला खाड्यापोटी दिवसाला कमाल सहा शिलिंग देण्याची मुभा होती. हीच संघटना १९२२ पासून रग्बी फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाऊ लागली.

७/
युनियनचे प्रत्युत्तर कठोर होते. लीगचा करार करणारा खेळाडू युनियनमधून आयुष्यभरासाठी बाद. कित्येक दशके लीगमध्ये एक पैसा न घेता खेळणाऱ्यालाही हाच नियम लागू असे. भिंत एकतर्फी होती हे ध्यानात घ्यावे. लीगचे दार युनियनच्या खेळाडूंना सदैव उघडे होते. परतीचे दार मात्र बंद होते.

८/
आता आयर्लंड. तेथील रग्बी युनियन १८७९ मध्ये एकसंध झाली. हा खेळ प्रामुख्याने शुल्क आकारणाऱ्या शाळा, विद्यापीठे आणि सुखवस्तू कुटुंबे यांत रुजला. लिमरिक शहर हा ठळक अपवाद. तेथे गोदीतले आणि कारखान्यातले कामगारही रग्बी खेळत. लीगला आयर्लंडमध्ये कधी मूळ धरता आले नाही, याचे एक मोठे कारण हेच, की जो वर्ग ती खेळला असता, तो बहुतांशी दुसऱ्याच मैदानावर होता.

९/
ते मैदान होते गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगचे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने, म्हणजे जीएएने, स्वतःची भिंत बांधली होती. क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी हे 'परकीय खेळ' खेळणाऱ्यावर वा पाहणाऱ्यावर बंदी. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांनी सॉकरच्या सामन्याला हजेरी लावली, तर त्यांना संघटनेच्या आश्रयदातेपदावरून दूर करण्यात आले. ही बंदी उठली १९७१ मध्ये. कार्नीच्या जन्मापूर्वी अवघी पाच वर्षे.

१०/
म्हणजे आयरिश खेळाडूपुढे दोन भिंती होत्या, एक राष्ट्रवादाची आणि एक वर्गाची. वेल्समध्ये खाणी मंदावल्या तशी युनियनच्या खेळाडूंची रांग उत्तर इंग्लंडकडे लागली. आयर्लंडमधून फार थोडे गेले. पण जे गेले त्यांनी काय मोजले, ते दोन नावांवरून कळते.

११/
पहिले नाव रॉबिन थॉम्पसन. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या ब्रिटिश लायन्स संघाचा हा आयरिश कर्णधार. चार कसोटींची ती मालिका २–२ अशी बरोबरीत सुटली. युनियनमध्ये याहून मोठा मान नाही. पुढच्याच वर्षी त्याने वॉरिंग्टन या लीग क्लबशी करार केला आणि युनियनचे दार त्याच्यामागे बंद झाले. वॉरिंग्टन हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

१२/
दुसरे नाव केन गुडॉल. डेरीचा, पेशाने शिक्षक, आयर्लंडसाठी १९ सामने. मार्च १९७० मध्ये डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर आयर्लंडने वेल्सला १४–० असे हरवले. त्या दिवशी गुडॉलने प्रतिस्पर्ध्याची किक झेलून लांबवर धाव घेत जो ट्राय नोंदवला, तो आजही सांगितला जातो. तोच त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्याच वर्षी तो वर्किंग्टन टाउन या लीग क्लबकडे गेला. शिक्षकाच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने आपल्या कौशल्याचे मोल घेतले, एवढाच त्याचा अपराध.

१३/
मग ही भिंत पडली कशी? १८९३ च्या मतदानाचा कुणाला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. एप्रिल १९९५ मध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या माध्यमसमूहाने ब्रिटिश रग्बी लीगशी पाच वर्षांसाठी ८.७ कोटी पौंडांचा करार केला. त्यातून सुपर लीग जन्मली. जूनमध्ये याच समूहाने दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या युनियनशी दहा वर्षांसाठी ५५ कोटी डॉलरांचा करार केला. एवढा पैसा दारात उभा असताना 'हौशी' ही पाटी टिकणे शक्यच नव्हते.

१४/
ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने युनियन हा खेळ व्यावसायिकांसाठी खुला केला. जॉर्ज हॉटेलातील बैठकीला त्याच महिन्यात १०० वर्षे पूर्ण होत होती. मे १९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे संघ दोन्ही नियमांनी एकमेकांशी खेळले. लीगच्या नियमांनी विगन ८२–६ असा जिंकला, युनियनच्या नियमांनी बाथ ४४–१९ असा. शंभर वर्षांत दोन खेळ एकमेकांपासून किती दूर गेले होते, ते या आकड्यांतून कळते.

१५/
कार्नी येतो तो या पडझडीनंतर. गेलिक फुटबॉल खेळत वाढलेला हा तरुण लीगमध्ये शिरला आणि १९९९ मध्ये गेट्सहेड थंडर या नव्याकोऱ्या सुपर लीग संघातून खेळला. दूरचित्रवाणीच्या पैशावर, ज्या भागात लीगची परंपरा नव्हती तेथे, हा संघ उभारला गेला होता. एका हंगामातच तो हल संघात विलीन झाला. या उलथापालथीतही कार्नी टिकला. २००० च्या लीग विश्वचषकात तो आयर्लंडकडून खेळला. त्या संघातील बहुतेक जण इंग्लंड-ऑस्ट्रेलियात वाढलेले आयरिश वंशज होते. हा मात्र खुद्द कॉर्कचा.

१६/
पुढची पाच वर्षे विगन. वेगवान, अंगाने दणकट, रेषेजवळ न थोपवता येणारा विंगर ही त्याची ओळख येथे झाली. २००३ च्या अ‍ॅशेस मालिकेत तो ग्रेट ब्रिटनकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला. विगनमधील त्या पहिल्या कसोटीत एड्रियन मॉर्ली अवघ्या १२ सेकंदांत मैदानाबाहेर काढला गेला, आणि तरीही ब्रिटनने सामना १८–२२ इतका जवळ आणला. डिसेंबर १९२० मध्ये ज्या कॉर्कचा मध्यभाग ब्रिटिश दलांनी जाळला, तेथील मुलाच्या छातीवर ग्रेट ब्रिटनचे बोधचिन्ह! लीगमध्ये आयरिश खेळाडूला कसोटीच्या मोठ्या रंगमंचावर जायचे तर वाट तीच होती.

१७/
२००६ चा हंगाम त्याने ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल नाइट्सकडून गाजवला. आणि मग ती गोष्ट घडली, जिची कल्पनाही गुडॉल करू शकला नसता. २००७ मध्ये लीगचा हा व्यावसायिक खेळाडू मायदेशी परतून मन्स्टर या युनियन संघात दाखल झाला आणि त्याच वर्षी आयर्लंडचा युनियनचा पोशाख त्याच्या अंगावर चढला. पूर्वी आजन्म बंदी ओढवून घेणारे पाऊल आता साधी बदली ठरले होते.

१८/
२००७ हे वर्ष आयर्लंडसाठी आणखी एका कारणाने मोठे. लॅन्सडाउन रोडची पुनर्बांधणी होणार असल्याने जीएएने आपले क्रोक पार्क रग्बीला दिले. १९२० मध्ये ब्रिटिश दलांनी तेथे गोळीबार केला होता. २४ फेब्रुवारी २००७ रोजी त्याच मैदानावर आयर्लंडने इंग्लंडला ४३–१३ असे हरवले. कार्नी त्या सामन्यात नव्हता. पण गेलिक फुटबॉलपटू ते लीग ते युनियन हा त्याचा प्रवास आणि क्रोक पार्कची उघडलेली दारे या एकाच काळाच्या दोन खुणा आहेत.

१९/
प्रामाणिकपणे सांगायला हवे, की युनियनमध्ये तो तितका चमकला नाही. अर्जेंटिनाविरुद्ध पदार्पण, विश्वचषकाच्या संघात निवड; एकूण सामने मात्र चारच. लीगमधला विंगर धावणे आणि अंगावर येणाऱ्याला भिडणे शिकतो. युनियनच्या विंगरला उंच किक झेलणे, किकने उत्तर देणे, पडलेल्या सहकाऱ्यावर धावून चेंडू राखणे हेही अंगवळणी पडलेले असावे लागते. तिशी ओलांडल्यावर ते शिकणे कठीण. नियमांची भिंत एका ठरावाने पडते. शंभर वर्षांच्या सवयींची नाही.

२०/
२००९ मध्ये तो लीगमध्ये परतला. क्लब कोणता? वॉरिंग्टन. थॉम्पसनने जेथे युनियनचे दार कायमचे बंद करून घेतले, तेथेच कार्नीने दोन्ही दारांतून ये-जा करून आपली कारकीर्द संपवली. कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की बदल अधिक स्पष्ट दिसतो.

२१/
त्यानंतर स्काय स्पोर्ट्स. आधी तज्ज्ञ समालोचक, पुढे सूत्रसंचालक. हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. एकेकाळी बीबीसीवर एडी वेअरिंग हा लीगचा आवाज होता. तो स्वतः यॉर्कशरचा. तरी त्याच्या विनोदी ढंगामुळे देशभर आपले हसे होते, अशी उत्तरेतील अनेक रसिकांची तक्रार होती. ज्या खेळाला शतकभर खालच्या पायरीवर बसवले गेले, त्याचे चाहते आपल्याविषयी कोण कसे बोलतो याकडे बारकाईने पाहणारच. कार्नीचा आवाज ना यॉर्कशरचा, ना लंडनचा, तो आयरिश. आणि दोन्ही रग्बी आतून पाहिलेल्या माणसाला कुणापुढे संकोचण्याचे कारण नाही.

२२/
ज्या दूरचित्रवाणीच्या पैशाने भिंत पाडली, त्यानेच कार्नीचा पहिला सुपर लीग संघ उभारला आणि मोडला, युनियनमध्ये पगार आणले, आणि अखेरीस त्याला कॅमेऱ्यासमोर बसवले. हे स्वातंत्र्य खरे आहे, पण ते फुकटचे नाही. १९९५ मध्ये याच करारापोटी कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन या तीन गावांचे क्लब एकत्र करून 'कॅल्डर' नावाचा संघ करण्याचा घाट घातला गेला. खाणकामगारांची ती गावे पेटून उठली म्हणून तो बेत बारगळला. शतकभर जपलेला क्लब बाजाराला एका ओळीत पुसता येतो, हे त्यांना समजले होते.

२३/
म्हणून या कारकिर्दीकडे केवळ 'प्रगतीची कहाणी' म्हणून पाहू नये, असे मला वाटते. भिंत अन्यायाची होती. ती पाडणाऱ्यांना मात्र न्यायाशी कर्तव्य नव्हते. सहा शिलिंग मागणाऱ्या कामगाराचे म्हणणे रास्त होते, हे शंभर वर्षांनी मान्य झाले, तेही कोट्यवधींचा सौदा समोर आल्यावर. तोवर गुडॉलसारख्यांचे उमेदीचे दिवस संपून गेले होते.

२४/
पुढच्या वेळी खेळाच्या 'शुद्धते'विषयी कुणी हळहळताना दिसले, तर एकच प्रश्न विचारून पाहा : या शुद्धतेसाठी खाडा कुणाचा पडत होता?

धागा येथे संपतो.