रेझांग लाचा ‘डॉक्टर साब’



दिल्ली-जयपूर महामार्गावर गुरुग्रामपासून इतके उड्डाणपूल लागतात की कोणत्या पुलाला कोणाचं नाव दिलंय, हे वाचायला कोणाला सवड नसते. मीही निवृत्तीनंतर कित्येक वर्षं तसाच जात होतो. एकदा मात्र ठरवून धारूहेड्याहून रेवाडीकडे वळलो. तिथे रेझांग लाचं स्मारक आहे. आजची गोष्ट त्या लढाईतल्या एका माणसाची. त्याच्या नावावर शत्रूचा एकही सैनिक मारल्याची नोंद नाही, तरीही त्याला वीरचक्र मिळालं.

18 नोव्हेंबर 1962. लडाखमध्ये चुशूलच्या आग्नेयेला, 16 हजार फुटांहून उंच खिंडीत 13 कुमाऊंची चार्ली कंपनी मोर्चा धरून होती. सुमारे 120 जवान, कंपनी कमांडर मेजर शैतानसिंह. बहुतेक जवान रेवाडी-गुडगाव पट्ट्यातले अहीर. हाताशी .303 रायफली, थोड्या लाइट मशीनगन आणि मॉर्टर. मध्ये डोंगराचा सुळका आडवा येत असल्याने मागच्या तोफांचा मारा इथे पोहोचत नव्हता. पहाटेच्या अंधारात चिनी हल्ला आला. एक परतवला की दुसरा. शेवटी कंपनी जवळजवळ संपली. शंभराहून अधिक जवान तिथेच पडले. मेजर शैतानसिंहांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

या कंपनीबरोबर आर्मी मेडिकल कोअरचा एक शिपाई होता. धर्मपाल दहिया, सोनीपतकडचा, हुद्दा नर्सिंग असिस्टंट. कंपनीच्या पातळीवर डॉक्टर नसतो. डॉक्टर मागे, बटालियनच्या मदत केंद्रात. पुढे असतो तो हा एकटा. पाठीवर पिशवी, तिच्यात पट्ट्या, मॉर्फिनची इंजेक्शनं, कात्री. वेळीच रक्त थांबवायचं, वेदना कमी करायची आणि जखमीला मागे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. रेझांग लाला ‘मागे’ असं काही उरलंच नव्हतं.

फेब्रुवारी 1963 मध्ये आपली माणसं तिथे पोहोचली, तेव्हा बर्फात गोठलेले देह खंदकांत जागच्या जागी होते. कोणाच्या हातात रायफल, कोणाच्या हातात मॉर्टरचा गोळा. धर्मपालच्या हातात होती सिरिंज आणि पट्टी. तोवर वाचलेल्या मोजक्या जवानांनी सांगितलेल्या हकिगतीवर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. त्या देहांनी साक्ष दिली.

हे वाचताना मला माझी एक चूक आठवते. उंचावरच्या एका चौकीवर माझ्या कंपनीलाही असाच एक पोरगा दिलेला होता. सगळे त्याला ‘डॉक्टर साब’ म्हणत. एका वादळी रात्री त्याने दोघांना सकाळपर्यंत जिवंत ठेवलं. पुढे शाबासकीसाठी नावं पाठवताना मी माझ्या पलटणीचीच नावं लिहिली. तो ‘अटॅच्ड’ होता. त्याचं त्याच्या कोअरवाले बघतील, असं मी धरून चाललो. कोअर समजली असेल की पलटण बघेल. नाव राहून गेलं ते गेलंच. मनात खोट नव्हती, पण फरक काय पडला?

म्हणून रेझांग लाचं मला विशेष वाटतं. तिथे नर्सिंग असिस्टंटचं नाव सुटलं नाही. तो ना कुमाऊं रेजिमेंटचा, ना अहीर. पण मरताना तो त्या कंपनीचा होता आणि वीरचक्र देताना देशाने ते मान्य केलं.

मराठी माणसाला यात आणखी एक धागा दिसेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जखमी चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32व्या वर्षी तिथेच वारले. शिजियाझुआंगला त्यांचं स्मारक आहे, चिनी लोक आजही तिथे फुलं वाहतात. त्यानंतर 20 वर्षांनी त्याच देशाच्या सैन्याशी लढणाऱ्या कंपनीत धर्मपाल जखमींना पट्ट्या बांधत होता. 1949च्या जिनिव्हा करारानुसार युद्धात वैद्यकीय माणसाला संरक्षण आहे. पण अंधारात, हातघाईच्या लढाईत दंडावरचा लाल क्रॉस कोण पाहतो? हे कळत असूनही तो पट्टी बांधायला पुढे जातो. त्याचं शौर्य ते हेच.

आर्मी मेडिकल कोअरचं ब्रीद आहे ‘सर्वे सन्तु निरामया:’. आपण ते लग्नात, पूजेत सहज म्हणतो. धर्मपालने ते गोळीबारात पाळलं.

दिल्लीला आलात की इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात जरूर जा. 2019 मध्ये ते खुलं झालं. त्यागचक्राच्या भिंतींवर एकेका विटेवर एकेक नाव कोरलेलं आहे. सेनापती आणि परमवीर सगळेच शोधतात. तुम्ही मुलांना घेऊन मेडिकल कोअरचं एखादं नाव शोधा आणि मोठ्याने वाचा. माझ्याकडून जे राहिलं, ते तेवढ्याने भरून येणार नाही. पण पुढची पिढी यादी लिहायला बसेल, तेव्हा पिशवीवाला पोरगा तिला आठवेल.

जय हिंद.