बिशपांचा नकाशा

सावंतवाडीस कॅथलिक बिशपांचे पीठ आहे. जिल्हा सिंधुदुर्ग, राज्य महाराष्ट्र. परंतु हा सिंधुदुर्ग धर्मप्रांत ज्या मोठ्या प्रांतात मोडतो, त्याचे मुख्य पीठ मुंबईत नसून गोव्यात आहे. घाट चढून बेळगावास यावे, तर तेथील धर्मप्रांत बेंगळूरच्या प्रांतात. सीमाभागाविषयी लिहिताना आम्ही आजवर महसुली नकाशे, जनगणनेचे तक्ते आणि आयोगांचे अहवाल यांचाच आधार घेत आलो. त्याच भूमीवर बिशपांचाही एक नकाशा अंथरलेला आहे, त्याच्या रेघा राज्यांच्या रेघांशी जुळत नाहीत, आणि त्या का जुळत नाहीत याचा इतिहास सुमारे पाचशे वर्षे मागे जातो, याकडे मात्र आमचे लक्ष उशिरा गेले.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ज्याला ‘धर्मप्रांत’ म्हणतात त्याचे युरोपीय नाव ‘डायोसिस’. हा शब्द मुळात धर्माचा नव्हेच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ घरची व्यवस्था, कारभार. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट डायोक्लेशियनाने साम्राज्याची फेरमांडणी केली, तेव्हा अनेक प्रांत मिळून होणाऱ्या मुलकी विभागास हे नाव पडले. चर्चने शब्द उचलला आणि उतरंड उलटी केली. रोमन कारभारात डायोसिसच्या पोटात प्रांत असत. चर्चच्या कारभारात प्रांताच्या पोटात डायोसिस असतात. ‘बिशप’ म्हणजे मूळ ग्रीकात देखरेख करणारा. जुन्या गोव्यातील ‘से’ कॅथेड्रलच्या नावातले ‘से’ म्हणजे लॅटिन ‘सेदेस’, अर्थात आसन. आपण ‘पीठ’ म्हणतो, ते याच अर्थाने. धर्मप्रांताखालच्या घटकाला वसईचे मराठी ख्रिस्ती ‘धर्मग्राम’ म्हणतात; गोव्यात पोर्तुगीज शब्द झिजून ‘फिरगज’ झाला आणि तिथला मुख्य धर्मगुरू ‘विगार’ झाला.

या रचनेविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. देशात कॅथलिकांचा एक मुख्य बिशप असावा, त्याच्या हाताखाली राज्याराज्यांचे आर्चबिशप, त्यांच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांचे बिशप, अशी सचिवालयासारखी उतरंड लोक गृहीत धरतात. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात पूर्ण अधिकारी असतो आणि तो थेट पोपला जबाबदार असतो. दर पाच वर्षांनी रोमला जाऊन अहवाल सादर करावा, पंचाहत्तरी गाठली की राजीनामा द्यावा, असा नियम. काही धर्मप्रांत मिळून एक प्रांत होतो. त्यातील मुख्य पीठाचा बिशप तो मेट्रोपॉलिटन आर्चबिशप. शेजारच्या धर्मप्रांतावर त्याची थोडीफार देखरेख असते, हुकमत नसते. कार्डिनल ही या साखळीतली वरची कडी नव्हे; ते पोपच्या सल्लागार मंडळाचे सदस्यत्व होय. देशपातळीवर असते ती बिशपांची परिषद. भारतात ती १९४४ साली मद्रास येथे स्थापन झाली. तिचा अध्यक्ष परिषदेचा अध्यक्ष असतो, देशाचा बिशप नव्हे.

म्हणजे या व्यवस्थेत सगळे महत्त्व रेघेला आले. धर्मप्रांताची रेघ कोणी ओढायची आणि कशाच्या आधारावर, हाच खरा प्रश्न; आणि भारतात तो कधीच निव्वळ धार्मिक राहिला नाही.

गोव्याचा धर्मप्रांत १५३३ साली ठरला आणि पुढल्याच वर्षी त्याची आज्ञा निघाली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंतचा मुलूख त्याच्या हद्दीत होता, आणि तो स्वतः अटलांटिक महासागरातल्या मदैरा बेटावरील फुंशाल पीठाच्या प्रांतात! पाव शतकाच्या आत गोवा स्वतंत्र आर्चबिशपांचे पीठ झाले; कोचीन आणि मलाक्का हे त्याच्या प्रांतातील धर्मप्रांत. ही सारी रचना ‘पाद्रोआदो’ या हक्कावर उभी होती. पोर्तुगालच्या राजाने चर्चे बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा, आणि त्याबदली बिशपाचे नाव त्यानेच सुचवावे, असा तो करार. नकाशावरची रेघ पोपची, शाई राजाची.

सतराव्या शतकात राजाची शाई सुकू लागली. १६२२ साली रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचे खाते उघडले. त्याच्या लॅटिन नावातला ‘प्रोपागांडा’ हा शब्द पुढे जगभर वेगळ्याच अर्थाने रूढ झाला, हे जाता जाता सांगावेसे वाटते. राजाच्या हक्काला सरळ हात न लावता रोमने एक पळवाट काढली. नवे धर्मप्रांत न स्थापता ‘व्हिकार अपोस्तोलिक’, म्हणजे पोपचे प्रतिनिधी, नेमायचे. त्यांना बिशपपद द्यायचे, परंतु नावाला कुठल्यातरी लयास गेलेल्या प्राचीन पीठाचे बिशप म्हणून. या पद्धतीने आलेला पहिला भारतीय बिशप आमच्याच टापूतला. दिवाडी बेटावरचा मातेउस दे कास्त्रो हा गोमंतकीय ब्राह्मण कुळातला. गोव्यात डावलला गेलेला हा धर्मगुरू १६३७ साली आदिलशाही मुलखाचा व्हिकार अपोस्तोलिक झाला आणि त्याने ठाणे मांडले डिचोलीस, जे त्या वेळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. त्याच्या बिशपपदाचे नाव होते क्रिसोपोलिस. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला कधी मनापासून मानले नाही.

येथून दोन सत्तांचा झगडा सुरू झाला, आणि त्याची सर्वांत कडवट रूपे मुंबईने पाहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी मुंबई बेटावरची चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांत आणि व्हिकार अपोस्तोलिकात वाटून दिली. एकाच बेटावर दोन अधिकार झाले. माणूस कोणत्या गल्लीत राहतो यापेक्षा तो मूळचा कुठला आणि कोणत्या पक्षाचा, यावर त्याचा बिशप ठरू लागला. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील भाविक गोव्याच्या बाजूस जाऊ पाहत होते. ते रोखण्यासाठी बिशप हार्टमन स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले आणि दारे लावून घेतली. बाहेरून वेढा पडला. सुमारे पंधरा दिवस हा प्रकार चालला; अखेरीस सरकारी अधिकाऱ्यांनी दारे उघडविली आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले. एका धर्माच्या, एका पंथाच्या, बहुतांशी एकाच बोलीच्या लोकांनी एका रेघेपायी केलेले हे रण आहे. हार्टमन यांचा हट्ट आम्हाला समजतो, तरीही भाविकांची बाजू आम्हाला अधिक जवळची वाटते. आपला कारभार कोणाकडे असावा हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

१ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना जाहीर केली. मुंबईस आर्चबिशप आले, पुण्याचा धर्मप्रांत झाला, गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्वेकडील प्रदेशांचे पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली, आणि दमणचा नवा पोर्तुगीज धर्मप्रांत निघाला. मुंबईतली दुहेरी सत्ता मात्र तशीच राहिली. ती मिटली १९२८ साली, दमणचा धर्मप्रांत मोडून. आणि मिटवण्याची अट पाहण्यासारखी होती: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा. भारतीयाची पाळी कोणाच्या मनातही नव्हती. १९५० साली पोर्तुगालने हा हक्क सोडला, आणि त्याच वर्षाअखेरीस व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले.

आता बेळगाव. ब्रिटिश अमदानीतही बेळगाव, सावंतवाडी आणि कारवारकडचा भाग गोव्याच्या आर्चबिशपांकडेच होता. स्वातंत्र्यानंतर हे अवघड झाले. भारतीय प्रजासत्ताकातील गावांचा धर्मकारभार पोर्तुगीज सत्तेखालच्या शहरातून चालत होता. १९ सप्टेंबर १९५३ रोजी रोमने ही गाठ सोडविली. गोव्याचा घाटावरचा भाग आणि पुणे धर्मप्रांताचा धारवाडकडचा भाग जोडून बेळगावचा धर्मप्रांत करण्यात आला, आणि सावंतवाडीकडचा भाग पुण्यास गेला. तारीख ध्यानात घ्यावी. त्या दिवशी बेळगाव, धारवाड, कारवार हे तिन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. तीन वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्याची रेघ सरकली, बिशपांचे पीठ होते तिथेच राहिले. पुढे १९७६ साली कारवार वेगळा झाला. गोव्याला मात्र दीर्घकाळ प्रांतच उरला नव्हता, तो थेट रोमच्या अखत्यारीत होता. २००५ साली पुण्यातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत निघाला, आणि दुसऱ्या वर्षी तो गोव्याच्या प्रांतातील एकमेव धर्मप्रांत म्हणून जोडला गेला. दक्षिण कोकण अर्ध्या शतकानंतर पुन्हा गोव्याच्या ओळीत आले.

या रेघा ओढताना भाषेचा विचार झाला होता काय? १९५३ साली तसे कारणही नव्हते. उपासना लॅटिनमध्ये होई आणि लॅटिन सर्वांनाच सारखी परकी. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना दार उघडले, आणि ज्या नकाशात भाषेला जागा नव्हती त्याला अचानक भाषेचे ओझे पेलावे लागले. बेंगळुरात कन्नड की तमिळ हा वाद दशकानुदशके धुमसला. बेळगावात कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या वेळांच्या प्रार्थनांनी मार्ग काढला गेला. मुंबईतून १९९८ साली वेगळा झालेला वसईचा धर्मप्रांत मराठी उपासनेचा मोठा आधार ठरला.

जमिनीऐवजी माणसावरून बिशप ठरवण्याची रीत मुंबईत १९२८ साली संपली असे वर म्हटले, ते लॅटिन पंथापुरतेच खरे. १९८८ साली महाराष्ट्रातील सिरो-मलबार पंथाच्या मल्याळी कॅथलिकांसाठी कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याची हद्द मुंबई आणि पुण्याच्या लॅटिन बिशपांच्या हद्दीवरच पसरलेली आहे. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन कॅथलिक कुटुंबांचे बिशप आज निराळे असू शकतात, आणि त्यासाठी कोणाला चर्चची दारे लावून बसावे लागत नाही.