दूरस्थ लॉगिनमधील ओळखीचा प्रश्न : क्लायंटच्या पर्यायांचा इतिहास

इ. स. १९९५ च्या जुलै महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन या संशोधकाने 'सिक्युअर शेल' अथवा संक्षेपाने 'एसएसएच' या नावाचा प्रोग्राम सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांतून सर्वसाधारण नागरिकांस इंटरनेट खुले केले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध मुळीच नाही. तथापि महाराष्ट्रातील दूरस्थ लॉगिनचा इतिहास पाहू जाता त्या एकत्रच विचारात घ्याव्या लागतात. निगमाच्या आरंभीच्या ग्राहकांपैकी अनेकांस 'शेल' प्रकारचे खाते मिळत असे. घरचा संगणक केवळ पडदा व कळफलक यांपुरता उरे. दूरध्वनीच्या तारेवरून ग्राहक निगमाच्या यंत्रात प्रवेश करी आणि पत्रे वाचणे, लिहिणे हे सर्व त्या दूरच्या यंत्रावरच चाले. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत इंटरनेटची पहिली ओळख ही दूरस्थ लॉगिनचीच ओळख होती, असे म्हणावयास हरकत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व अंतरामुळे वाढते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा राज्याच्या अगदी पूर्व टोकास असून मुंबईपासून गोंदिया स्थानक रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांहून दूर आहे. येथील महाविद्यालये नागपूरच्या विद्यापीठास संलग्न आहेत, तर मोठी गणनयंत्रे पुण्यास. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय महासंगणन योजनेखाली 'परम ब्रह्म' हे यंत्र पुण्याच्याच विज्ञान संस्थेत बसविण्यात आले. अशा यंत्रासमोर कोणी जाऊन बसत नाही. परवानगी असलेला अभ्यासक पुण्यातला असो वा गोंदियाचा, त्याने आपल्या जागेवरून एसएसएचद्वारेच आत जावयाचे असते. जाताना आपण पुण्याच्याच यंत्राशी बोलत आहोत, मध्येच उभ्या राहिलेल्या एखाद्या तोतयाशी नव्हे, याची खात्री त्याने कशी करावी, हा येथे मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न आरंभी कोणास पडला नव्हता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील यंत्राकडे 'लॉगिन' हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला आणि पहिली दोन अक्षरे पोचताच पलीकडचे यंत्र बंद पडले. आर्पानेट या जाळ्याचा पहिला उद्गार असा प्रवेशाचाच व तोही अर्धवट होता, हे भाषेच्या अभ्यासकास लक्षणीय वाटेल. पुढे रूढ झालेल्या 'टेलनेट' पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून जसाच्या तसा, उघडा जाई. मूठभर संस्था एकमेकींस ओळखत होत्या तोवर ते चालून गेले. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये आलेल्या 'आरलॉगिन'ने तर परवलीचा शब्दही अनावश्यक ठरविला. ज्या यंत्रांवर विश्वास आहे त्यांची नावे एका फायलीत लिहून ठेवावयाची. त्या नावाने जो येईल त्यास दार उघडे. नाव सांगणे आणि ओळख पटणे या दोन भिन्न क्रिया होत, हा विवेक त्या रचनेत नव्हता. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' ज्या वाटांनी यंत्रायंत्रांत शिरला, त्यांतील एक वाट याच विश्वासाच्या याद्यांची होती. १९९४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सर्ट या संस्थेने जाळ्यावर चोरून कान देऊन परवलीचे शब्द टिपले जात असल्याचा इशारा दिला. हेलसिंकीच्या विद्यापीठातही तसाच प्रकार घडल्यावर युलोनेन यांनी आपला प्रोग्राम लिहिला. टेलनेटचे द्वार २३ क्रमांकाचे आणि फायली नेण्या-आणण्याचे २१ क्रमांकाचे. त्यांनी मधला २२ मागितला व तो मिळाला. दोन्ही जुन्या पद्धती हटविण्याचा मनोदय त्या क्रमांकातच दिसतो.

युलोनेन यांनी संभाषण कूटबद्ध केले, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही की, प्रवेश करू पाहणाऱ्याच्या बाजूच्या प्रोग्रामास, म्हणजे क्लायंटला, या पद्धतीत स्वतःचे मत प्राप्त झाले. 'क्लायंट' या शब्दास 'ग्राहक' हा प्रतिशब्द पुष्कळ ठिकाणी योजलेला आढळतो, परंतु ग्राहकाने घासाघीस केली तरी दुकानदाराची ओळखपत्रिका तो मागत नाही. मराठीत वकिलाच्या क्लायंटला 'अशील' म्हणतात, तोही अर्थ येथे जुळत नाही. म्हणून मूळ शब्दच ठेवणे बरे. हा क्लायंट कोणत्या नावाने, कोणत्या द्वाराने, कोणती किल्ली घेऊन जाईल आणि समोरच्यावर कितपत विश्वास ठेवील, हे वापरणाऱ्याच्या घरच्या निर्देशिकेतील एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असते. एका ओळीत पर्यायाचे नाव व त्याचे मूल्य, अशी तिची घडण होय.

ही फाईल व्याकरणाप्रमाणे वाचता येते. 'होस्ट' या शब्दाने एक प्रकरण सुरू होते व त्याखालील नियम त्या नावाच्या यंत्रापुरते लागू होतात. 'होस्ट' पुढे तारांकित खूण असल्यास ते नियम सर्वांना लागू. एकाच पर्यायास दोन ठिकाणी दोन मूल्ये दिलेली असतील तर जे आधी सापडेल तेच ग्राह्य धरले जाते. पाणिनीच्या व्याकरणात तुल्यबल नियमांच्या संघर्षात पुढचा नियम प्रवर्ततो. येथे नेमके उलट आहे. म्हणून अपवाद आधी व सर्वसामान्य नियम शेवटी लिहावे लागतात. सर्वसामान्य प्रकरण वर लिहून विशेष प्रकरण खाली लिहिणाऱ्याचे विशेष नियम मुकाट्याने निष्फळ होतात. प्रोग्राम त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. आज्ञेसोबत दिलेला पर्याय सर्वांत प्रबळ, त्यानंतर वापरणाऱ्याची फाईल, अखेरीस संपूर्ण यंत्राची.

जुनी भाषा जशी आपल्या अंगावर लुप्त प्रत्ययांच्या खुणा वागवते, तसेच या पर्यायांचे आहे. आरंभीच्या आवृत्तीत 'फॉलबॅक टू आरएसएच' नावाचा पर्याय होता. पलीकडे एसएसएच नसेल तर जुन्या असुरक्षित पद्धतीने जोडणी करावी, असा त्याचा आशय. सुरक्षिततेसाठी निर्मिलेल्या साधनात असुरक्षिततेकडे परतण्याची वाट ठेवलेली पाहून आज नवल वाटेल. पण १९९५ साली बहुतेक यंत्रांवर जुनेच सर्व होते, आणि ही वाट नसती तर नवे साधन कोणी हाती धरले असते की नाही याची शंकाच आहे. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पाने युलोनेन यांच्या जुन्या, मुक्त परवान्याच्या आवृत्तीवरून 'ओपनएसएसएच' प्रसिद्ध केले. त्याने पुढे हा पर्याय काढून टाकला. मात्र त्याचे नाव प्रोग्रामला अजून कळते. जुन्या फाइलीत ते आढळल्यास तो ते ओळखतो, पाळत नाही. किल्ल्यांच्या प्रकारांतही असेच थर आहेत. २०१४ मध्ये 'ईडी२५५१९' ही आखूड व जलद किल्ली आली, २०१५ मध्ये जुनी 'डीएसए' किल्ली मुळातूनच बंद अवस्थेत दिली जाऊ लागली, २०२१ मध्ये दुर्बळ ठरलेल्या 'शा-१' सह होणाऱ्या 'आरएसए' सह्यांची तीच गत झाली. जुन्या सर्व्हरशी बोलता यावे म्हणून वापरणारे हे रद्द प्रकार आपल्या फाइलीत पुन्हा जिवंत करतात. त्या एकाच यंत्राच्या प्रकरणाखाली तसे करणे क्षम्य. सर्वांसाठीच्या प्रकरणाखाली केल्यास एका जुन्या यंत्राचा दोष सगळ्या जोडण्यांना चिकटतो.

परंतु या सर्व पर्यायांचे केंद्र 'स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग' हे आहे. प्रत्येक सर्व्हरची एक किल्ली असते. क्लायंट ती प्रथम भेटीत आपल्या 'नोन होस्ट्स' या यादीत टिपून ठेवतो आणि पुढील प्रत्येक भेटीत ताडून पाहतो. किल्ली बदललेली दिसल्यास तो मोठा इशारा देऊन थांबतो. अडचण आहे ती पहिल्या भेटीची. तेव्हा ताडून पाहण्यास जवळ काहीच नसते. क्लायंट किल्लीचा ठसा दाखवितो व पुढे जावे काय, असे विचारतो.

मराठी पत्रव्यवहारास हा प्रश्न अपरिचित नाही. दप्तरांतील मोडी पत्रे पाहिली असता दिसते की, शिरोभागी मुद्रा, अखेरीस 'मोर्तब सूद' अथवा 'लेखनसीमा' असा लहान शिक्का आणि कागदाचे तुकडे जेथे चिकटविले तेथे पाठीमागे जोडावर शिक्का, अशी व्यवस्था होती. 'मोर्तब सूद' हे फारसी 'मुरत्तब शुद' याचे मराठी रूप. शिरोभागीची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे. शेवटचा शिक्का त्यानंतर कोणी ओळ वाढवू नये म्हणून. जोडावरचा शिक्का मधला बंद बदलला जाऊ नये म्हणून. एसएसएचमध्ये सर्व्हरची सही पहिले काम करते आणि प्रत्येक पुडक्यासोबत जाणारी पडताळणी उरलेली दोन. साम्य येथवर पुष्कळ आहे. तथापि मुद्रेने काम साधे ते वाचणाऱ्यास ती मुद्रा आधीपासून ठाऊक असे म्हणून. अनोळखी मुद्रा कितीही रेखीव असली तरी तिच्याने खूण पटत नाही; ती दुसऱ्या वाटेने, ओळखीच्या माणसाकडून पटवून घ्यावी लागते. ठशाचेही तसेच आहे. तो सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडून वेगळ्या मार्गाने, दूरध्वनीवरून वा लेखी मिळाला तरच पडद्यावरील ठशाशी ताडण्यात अर्थ.

व्यवहारात बहुतेक जण तो न वाचताच होकार देतात. त्याहूनही वाईट म्हणजे, प्रश्नाची कटकट नको म्हणून हा पर्याय 'नो' असा ठेवून यादी रिकाम्या फाइलीकडे वळविण्याची तयार नमुन्याची ओळ एकाकडून दुसऱ्याकडे उतरून घेतली जाते. अशाने संभाषण कूटबद्ध राहते खरे, पण कोणाशी, हे कळेनासे होते. १९८३ ची अवस्थाच नव्या वेषात परत येते. दूरच्या महाविद्यालयात, जेथे पुण्याच्या यंत्राचा ठसा माहीत असलेला माणूस जवळ नसतो, तेथे हा मोह अधिक. आणि परवलीचा शब्द देऊन आत जाणाऱ्याचा तो शब्द तोतयाच्या हाती पडण्याचा धोकाही तेथेच अधिक.

अंतराशी निगडित इतर पर्याय थोडक्यात सांगता येतील. मंद अथवा वारंवार तुटणाऱ्या तारेवर २००४ मध्ये आलेला 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' उपयोगी पडतो. ठराविक सेकंदांनी कूटबद्ध मार्गातूनच विचारणा होते आणि लागोपाठ उत्तरे न आल्यास जोडणी मिटविली जाते. मधल्या द्वारयंत्रातून पुढे जावयाचे असल्यास २०१६ चा 'प्रॉक्सी जंप' वापरावा. तत्पूर्वी पुष्कळ जण 'फॉरवर्ड एजंट' हा पर्याय सुरू ठेवून आपल्या किल्लीचा वापर मधल्या यंत्रास मोकळा करीत; त्या यंत्राचा व्यवस्थापक, वा त्याच्या जागी घुसलेला कोणीही, तेवढ्या वेळात त्या किल्लीने अन्यत्र प्रवेश करू शके. 'प्रॉक्सी जंप'मध्ये मधले यंत्र केवळ वाट देते, आतले बोलणे त्यास कळत नाही.

पहिल्या भेटीच्या प्रश्नावर दोन लहान सुधारणा अलीकडे झाल्या. २०१७ मध्ये 'अ‍ॅक्सेप्ट न्यू' हे मूल्य आले. नवी किल्ली न विचारता टिपावी, बदललेली मात्र कदापि स्वीकारू नये, असा त्याचा अर्थ असून सरसकट 'नो' पेक्षा ते निःसंशय श्रेयस्कर होय. एप्रिल २०१९ मधील ओपनएसएसएच ८.० ने याहून सूक्ष्म सोय केली. पुढे जावे काय, या प्रश्नाला होकाराऐवजी व्यवस्थापकाकडून मिळालेला ठसाच उत्तरादाखल लिहिता येतो. तो सर्व्हरच्या ठशाशी जुळला तरच प्रवेश होतो. डोळ्यांनी अक्षर न् अक्षर ताडण्याचे काम प्रोग्राम करतो. गोंदियाच्या अभ्यासकास त्यासाठी पुण्याहून तो ठसा आधी मागवून ठेवावा लागतो, इतकेच.