चौसष्ट बाइटांची नोंदवही : हार्ड डिस्कवरील विभाजन-तक्त्याचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने प्रोसेसरचा वेग, मेमरीची क्षमता आणि कंपन्यांमधील स्पर्धा यांकडे जाते. हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असलेली एक छोटी नोंद मात्र दुर्लक्षित राहिली आहे. १९८३ साली ठरलेल्या या नोंदीच्या स्वरूपाने पुढील सुमारे तीन दशके वैयक्तिक संगणकावर अंमल गाजवला. या व्यवस्थेतील उणीव केवळ क्षमतेच्या अंदाजात नव्हती. महत्त्वाच्या नोंदीची एकच प्रत ठेवण्याच्या निर्णयात ती अधिक होती, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

उगम

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीच्या आरंभी असलेला बूट सेक्टर डॉस सुरू करण्यास पुरेसा होता. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तिच्यासोबत डॉसची २.० ही आवृत्ती आली. एकाच डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणाली नांदू शकतील, अशी त्यामागील अपेक्षा होती. शेताचे वाटे झाले की बांध घालावे लागतात आणि त्यांची नोंदही ठेवावी लागते. डिस्कवरील ही नोंद म्हणजेच पार्टिशन टेबल अर्थात विभाजन-तक्ता होय.

रचना व कार्यपद्धती

डिस्कच्या पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, नंतरचे ६४ बाइट विभाजन-तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी बसतात. विभाग सक्रिय आहे किंवा नाही, त्याचा प्रकार कोणता, तो कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि त्यात किती सेक्टर आहेत, एवढी माहिती प्रत्येक नोंदीत असते.

संगणक सुरू होताच बायोस हा सेक्टर मेमरीत आणतो, सामान्यतः ओळखखूण तपासतो आणि त्यातील आज्ञावलीच्या हाती सूत्रे देतो. ती आज्ञावली चार नोंदींतून सक्रिय विभाग शोधते आणि त्या विभागाचा स्वतःचा बूट सेक्टर मेमरीत आणते. पुढे तो बूट सेक्टर कार्यप्रणालीस जागे करतो. या साखळीतील पहिला दुवा तुटला, तर पुढचे सर्व दुवे शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही.

मर्यादा व तडजोडी

प्रत्येक नोंदीत विभागाचे स्थान दोन पद्धतींनी लिहिलेले असते. पहिली पद्धत सिलिंडर, हेड व सेक्टर या तीन आकड्यांची. दुसरी सलग सेक्टर-क्रमांकाची. पहिल्या पद्धतीत १०२४ सिलिंडर, २५६ हेड व ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ८.४ गिगाबाइट एवढीच मजल गाठता येते. १९९०च्या दशकात ही मर्यादा आड येऊ लागली, तेव्हा दुसरी पद्धत कामी आली. तिच्यातील क्रमांक ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरसह सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतचे स्थान दाखवता येते. एक्सटीच्या डिस्कच्या तुलनेत ही क्षमता दोन लाखांहून अधिक पट भरते. तेव्हा मूळ रचनाकारांवर अदूरदर्शीपणाचा आरोप करणे न्याय्य ठरत नाही.

चारच विभागांची अडचणही अशीच सोडवली गेली. १९८७ मधील डॉस ३.३ पासून एका नोंदीत विस्तारित विभाग दाखवून त्यात अनेक उपविभाग करणे वापरकर्त्यांना शक्य झाले.

एकाच प्रतीचा धोका

तक्त्याची दुसरी प्रत ठेवण्याची सोय मात्र मूळ रचनेत नव्हती. १९८७ साली न्यूझीलंडमध्ये उगम पावलेल्या स्टोन्ड या विषाणूने याच पहिल्या सेक्टरमध्ये बस्तान बसवले. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने असंख्य संगणकांच्या डिस्कचा आरंभीचा भाग शून्यांनी पुसून टाकला. वापरकर्त्यांना डिस्क रिकामी झाल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात पुढील भागातील मजकूर बहुतांशी जागेवरच होता आणि तक्ता नव्याने रचून अनेकांना तो परत मिळवता आला. दप्तराची सूची हरवली म्हणून दप्तर नष्ट होत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. मात्र सूची हरवलेल्या डिस्कवर घाईने नवे काही लिहिले, तर मूळ मजकूर खरोखरच नष्ट होऊ शकतो.

नवी व्यवस्था

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने बायोसला पर्याय म्हणून ईएफआय विकसित करण्यास आरंभ केला. त्यातूनच जीपीटी हा नवा विभाजन-तक्ता आला. त्यात ६४ बिटांचे सेक्टर-क्रमांक आणि सामान्यतः १२८ नोंदींची सोय आहे. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवली जाते आणि नोंदी बिघडल्यास ते ध्यानात यावे म्हणून पडताळणी-अंकही असतो. २०१० मध्ये ३ टेराबाइटच्या डिस्क बाजारात आल्यावर या बदलाची निकड सर्वांना जाणवली.

निष्कर्ष

क्षमतेच्या मर्यादा युक्तीने लांबवता आल्या. एकुलत्या एका प्रतीची उणीव मात्र रचनाच बदलल्याशिवाय दूर झाली नाही. आज महाविद्यालयांतील प्रबंध, हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि प्रशासकीय नोंदी डिस्कवर साठवल्या जातात, म्हणून हा धडा केवळ तंत्रज्ञांपुरता नाही. तसेच जीपीटीच्या डिस्कवरही पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीची एक नोंद आजही ठेवली जाते. जुन्या आज्ञावलींनी ती डिस्क रिकामी समजू नये, एवढाच तिचा हेतू. १९८३ ची ती नोंदवही सत्तेवरून पायउतार झाली. तरी उंबरठ्यावरील राखणदाराचे काम तिच्याकडे अद्याप आहे.