फलाटावरची नमाज

मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी मिरजेला जाऊन आलो. साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेस पकडली. कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. खिडकीतून ऊसच ऊस. मामूंना फोनवर सांगितलं, "सहज येतोय." सहज नव्हतो जात, ते त्यांनाही कळलं असावं.

अब्बांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शेवटच्या रात्री मी दवाखान्यातून घरी येऊन झोपलो होतो. पहाटे फोन आला. तेव्हापासून झोप गेली ती गेलीच. नमाजला उभा राहायचो, ओठ हलायचे, पण डोक्यात एकच... अब्बा एकटे होते. लोक म्हणायचे, नमाज पढ, सुकून मिळेल. मिळत नव्हता. मग वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, ही तिथली जुनी रीत. आवारात चिंचेचं झाड आहे आणि तिथेच उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात. लहानपणी मामूंच्या खांद्यावर बसून ऐकल्या आहेत. म्हणजे ऐकल्या कमी, पेंगलो जास्त!

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, जन्म १८७२. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं. प्लेगच्या काळात ते आजारी पडले, मीरासाहेबांच्या दारात गाऊन सेवा केली आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. आख्यायिका म्हणून सोडून देऊ. पण ते या दर्ग्यात येऊन गायचे, हे खरं.

संगीत आणि इस्लाम यांचं नातं सरळ नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याच घरात दोन मतं आहेत. चिश्ती सूफींनी समा, म्हणजे ईश्वराच्या आठवणीसाठी गाणं ऐकणं, जवळ केलं. बऱ्याच उलेमांना ते पटलं नाही. खाँसाहेबांनी वाद घातला की नाही कोण जाणे. ते दर्ग्यात बसून गात राहिले, एवढं खरं. किराणा घराण्याची गायकी ऐका, एकेक सूर किती वेळ धरून ठेवतात. घाई म्हणून नाहीच. मला तो जिक्रच वाटतो. जिक्र म्हणजे आठवण. श्वासाबरोबर अल्लाहचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं. वारकरी त्याला नामस्मरण म्हणतील.

आता ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण पसरलं. सांगतात की त्यांनी नमाज पढली, तंबोरा जुळवायला सांगितला, दरबारी कानड्याच्या सुरात अल्लाहचं नाव घेतलं आणि तिथेच गेले. घरापासून शेकडो मैल दूर. नंतर त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. या वेळी कबरीपाशी बसलो तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. त्या रात्री खाँसाहेबांनी वेगळं काही केलंच नव्हतं! तंबोरा जुळवणं, नमाज, सूर... हेच ते रोज करत आले होते. फलाटावर त्यांना शांती शोधावी लागली नाही. रोजची सवय सोबतीला आली.

आणि मला दादी आठवली. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी बायकांसाठी दख्खनी बोलीत चक्कीनामे रचले. जात्यावर दळता दळता म्हणायची गाणी, आपल्या ओव्यांच्या मावसबहिणीच म्हणा ना. त्यांत जात्याच्या खुंट्याला अलिफ या अक्षराची उपमा दिलेली असते, अल्लाहच्या नावातलं पहिलं अक्षर. सातारा-सांगलीचा मुलूखही तेव्हा बराच काळ आदिलशाहीत होता. दादीला असला इतिहास माहीत नव्हता. पण जातं फिरवताना ती नाव घ्यायची, दर फेऱ्याला एक. मी कंटाळलो की म्हणायची, "दिल लगे नई लगे, बैठनेका."

दिल लागो न लागो, बसायचं. मी उलटं धरून बसलो होतो. आधी मन शांत होईल, मग नमाज नीट होईल. पण पीठ पडायला आधी जातं फिरवावं लागतं.

अब्बांचं सामान दवाखान्यातून आणलं त्यात त्यांची तसबीह होती. नर्सने सांगितलं होतं, "हातातच होती हो, सोडवून घ्यावी लागली." आठ महिने ते वाक्य मला नुसतं टोचत होतं. मिरजेत पहिल्यांदा त्याचा दुसरा अर्थ लागला. मी नव्हतो, हे खरंच आहे आणि ते आयुष्यभर राहील. पण त्या रात्री अब्बा अगदीच एकटे नव्हते.

मगरिबची अजान झाली. मामू म्हणाले, "चल." उभा राहिलो. मन भरकटलंच, सांगलीपर्यंत जाऊन आलं. तरी शेवटपर्यंत उभा राहिलो.

आता रोज फजरनंतर दहा मिनिटं ती तसबीह घेऊन बसतो. झोप अजून पुरती आलेली नाही. पण बसतो.

असो. मिरजेला गेलात तर त्या चिंचेखाली थोडा वेळ नक्की बसा.